शेतकऱ्याच्या घरची कर्मशाळा

चाकणच्या बाजारात कांदा उतरवून परतणारा शेतकरी हल्ली वाटेत जुन्या यंत्रसामानाच्या दुकानाशी थांबतो, असे माझ्या पाहण्यात वारंवार येते. कारखान्यांच्या या पट्ट्यात अशा दुकानांना तोटा नाही. तेथून तो एखादा ग्राइंडर, एखादे ड्रिल किंवा लहानसे वेल्डिंग यंत्र गाडीत टाकून आणतो आणि गोठ्याशेजारच्या पडवीत त्याची मांडणी करतो. यात वावगे काहीच नाही. ऐन पाणी देण्याच्या दिवसांत पंपाचे एखादे बोल्ट तुटले, तर मिस्त्रीची वाट पाहत दोन दिवस दवडण्यापेक्षा ते घरी काढता येणे केव्हाही हितावह होय. माझी तक्रार आहे ती खरेदीच्या क्रमाबद्दल.

गेल्या चैत्रात खेड तालुक्यातील एका गावी कांदा चाळीच्या सांगाड्याचे काम चालले असता मी तेथे हजर होतो. घरच्या तरुण मुलाने चार इंची ग्राइंडरला सात इंची चकती चढविली होती. एवढी चकती आडोशात मावत नाही, म्हणून आडोसा काढून ठेवलेला. मधले भोक मोठे पडते, म्हणून त्यात पत्र्याची कडी बसविलेली. अँगल निम्मा कापला गेला नाही तोच चकती फुटली. एक तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन पत्र्यात रुतला व दुसऱ्याने त्या मुलाचा हात मनगटापासून वर उभा चिरला. अकरा टाके पडले. मी सर्व तयारी पाहत उभा होतो आणि एक शब्दही बोललो नव्हतो. कृषी पदवीधर असूनही चकतीवर काय छापलेले असते, हे मी तोपर्यंत कधी वाचलेच नव्हते.

ते आता वाचले आहे. लोखंड कापण्याच्या या चकत्या सामान्यतः कडेच्या सेकंदाला ८० मीटर वेगापर्यंत सुरक्षित मानल्या जातात. म्हणजे ताशी २८८ किलोमीटर. चार इंची चकतीला हा वेग मिनिटाला सुमारे १५,००० फेऱ्यांना येतो, तर सात इंचीला अवघ्या ८,५०० फेऱ्यांना. लहान ग्राइंडर मात्र मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरतो. त्यावर सात इंची चकती लावली की कडेचा वेग १०० मीटरच्या वर जातो. आणि चकती फाडू पाहणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तो मर्यादेच्या जवळजवळ पावणेदोनपट होतो. त्यातून ती मध्यावर नीट बसलेली नसली, तर ती टिकली हेच नवल. चकतीच्या मधल्या धातूच्या कडीवर मुदतीचा महिना व वर्षही दिलेले असते. ओल लागलेली वा मुदत उलटलेली चकती फेकून द्यावी. तिच्या किमतीकडे पाहू नये. कापण्याच्या पातळ चकतीने आडवे घासण्याची खोड तर अनेकांना आहे. तीही तितकीच घातक.

मला अधिक खेद होतो तो निराळ्याच गोष्टीचा. हा मुलगा एका कारखान्यात कामाला आहे. तेथे चष्मा, हातमोजे आणि बूट असल्याखेरीज तो यंत्राजवळ जात नाही. फिरत्या भागांना आडोसा घालण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाने मालकांवर घातले, आणि ती शिस्त या पट्ट्यातील हजारो तरुणांच्या अंगी मुरली आहे. परंतु घरच्या पडवीत पाऊल टाकताच चष्मा खुंटीला जातो आणि पायांत चपला येतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेण्यास भीत होते. आज आपण नेमक्या दुसऱ्या टोकास आलो आहोत. आपल्याला कशाचीच भीती वाटत नाही.

माझे मत असे की, विजेवर चालणारे काहीही घेण्यापूर्वी एक चांगला वाइस घ्यावा. चार इंच जबड्याचा पुरतो. जुना घेताना जबडे मिटून उजेडाकडे धरून पाहावेत; फट सारखी नसेल किंवा मळसूत्र सैल वाजत असेल, तर तो सोडावा. भक्कम ओट्याला तो अशा उंचीवर बसवावा की जबड्याचा माथा उभ्या माणसाच्या कोपराशी येईल. मात्र त्याची ऐरण करू नये. बिडाचा वाइस घणाच्या घावाने तडकतो. हातात धरलेले काम आणि वाइसमध्ये आवळलेले काम यांतला फरक एकदा ज्याने अनुभवला, तो पुन्हा पायाखाली पाइप दाबून कापीत नाही.

त्यानंतर लोखंड कापण्याची हातकरवत. तिचे पाते दाते पुढे करून लावावे. जाड अँगलला इंचास १८ दात्यांचे व पातळ नळीला ३२ दात्यांचे पाते घ्यावे. धातूच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते राहिले पाहिजेत, नाहीतर दाते झडतात. एक चपटी, एक अर्धगोल व एक गोल अशा तीन कानशी पुरेत, पण प्रत्येकीला मूठ हवीच. मुठीवाचून कानशीचे शेपूट तळहातात घुसलेले मी पाहिले आहे. पान्यांच्या बाबतीत मात्र कंजूषपणा करू नये. फिरता पाना एक असावा, पण रोजच्या कामाला बंद तोंडाचे पाने चांगले; ते बोल्टाचे कोपरे खात नाहीत. जुन्या इंजिनांवर इंची मापाचे बोल्ट असतात. १९ मिलिमीटरचा पाना पाऊण इंचाला चालतो, पण इतर मापांत असा योग सहसा जुळत नाही.

यंत्रांत पहिला मान ड्रिलचा, मग ग्राइंडरचा, तोही आडोशासह व त्याच्याच मापाच्या चकतीसह. पडवीच्या जोडणीला भूयोजन व ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसविल्याखेरीज दोन्ही चालवू नयेत. वेल्डिंग यंत्र बहुतेक घरांना नकोच, असे मी म्हणेन. त्याला लागणारा विद्युतप्रवाह गावच्या जोडणीला पेलत नाही, जस्त चढविलेल्या पाइपाच्या धुराने ताप येतो, आणि डिझेलच्या रिकाम्या पिंपाला ठिणगी लागली तर स्फोट होतो.

आमच्या खात्याकडेही थोडा दोष येतो. कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाल्यापासून आम्ही ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि अवजारांच्या अर्जांत गुंतलो. अर्जदाराच्या घरी ते दुरुस्त करण्यापुरता पाना आहे का, हे विचारण्याचे आम्हाला सुचले नाही. अवजारे बँका चालविणाऱ्या गटांनी एक वेल्डिंग यंत्र, त्याचा काळ्या काचेचा मुखवटा आणि ते चालविणारा एक जाणता माणूस गावासाठी ठेवावा. या भागात कारखान्यात फिटर म्हणून काम केलेला एखादा निवृत्त गृहस्थ शोधायला फार लांब जावे लागत नाही. त्याला गटाच्या बैठकीस बोलवावे, आणि येताना त्याने आपला चष्माही आणावा.