नातवाने कोरलेले आजोबांचे चरित्र

एखाद्या शास्त्रज्ञाचे चरित्र त्याच्या नातवाने लिहावे काय? आजच्या मुक्त ज्ञानकोशांचा दंडक सांगतो की शक्यतो नाही. नातलग, नोकर, शिष्य यांनी आपला हितसंबंध उघड करावा, लेखाला थेट हात न लावता चर्चापानावर दुरुस्ती सुचवावी आणि निर्णय त्रयस्थांवर सोडावा. दंडक योग्यच आहे. मात्र आपल्या खानदेशातील एक शिलालेख त्यापुढे ठेवला, की प्रकरण तितके सरळ राहत नाही.

चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवीला तुमच्यापैकी अनेक जण गेले असतील. तेथील लेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ च्या सुमाराचा. तो कोरवणारा चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी आणि भास्कराचार्यांचा नातू. (योगी चांगदेव वेगळे, दर वेळी कोणीतरी विचारतेच.) डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. पुढे कीलहॉर्न यांनी तो ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात संपादित केला.

लेखात त्रिविक्रमापासून महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेव अशी वंशावळ आहे. भास्कराचार्यांची स्तुती तर अशी, की त्यांच्या शिष्यांशीदेखील वाद घालण्यास कोणी समर्थ नव्हता! त्यानंतर मूळ कामकाज येते: ‘सिद्धान्तशिरोमणि’ आणि घराण्यातील इतर ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन झाला, निकुंभ घराण्यातील सोईदेव व त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी त्यास दाने दिली. शेवटच्या काही ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्यांत मठाला मिळावयाच्या उत्पन्नाचा तपशील आहे.

म्हणजे हा केवळ कुलाभिमान नव्हे. आजोबांची कीर्ती जितकी मोठी, तितका मठाचा आधार भक्कम. आजच्या भाषेत सांगायचे तर संस्थेच्या चालकाने संस्थेच्या खर्चासाठी लिहिलेले हे चरित्र आहे. कोणत्याही जागरूक संपादकाने त्यावर तत्काळ इशाऱ्याची पाटी लावली असती.

तरीही हा लेख पुसला असता, तर आपल्या हाती काय उरले असते? भास्कराचार्यांनी स्वतःविषयी मोजकेच सांगितले: जन्म शके १०३६, ग्रंथरचना वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, आणि सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेल्या विज्जडविड येथील महेश्वर हे पिता. हेही पुन्हा स्वतःचेच कथन. आणि ज्याचा या घराण्याशी काडीचाही संबंध नव्हता, त्या फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर करताना काय दिले? कन्येच्या विवाहाची, घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची कथा. ती आजही पाठ्यपुस्तकांतून फिरते आणि तिला त्यापूर्वीचा आधार नाही. त्रयस्थाने दंतकथा दिली, आप्ताने वंशावळ.

म्हणून मला वाटते, हितसंबंध हा साक्ष बाद करण्याचा निकष नसून ती कोठवर मानावी हे ठरवण्याचा आहे. नावे, नाती, दाने यांबाबत चांगदेवावर बराच विश्वास ठेवता येतो. राजाच्या ज्योतिषाने आपल्या वडिलांचे नाव खोटे कोरून काय साधले असते? चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे शके ११४४ चा अनंतदेवाचा लेख आहे आणि महेश्वराचे नाव तेथेही येते. (अनंतदेवही त्याच कुळातला, हे विसरू नये.) शिष्यांच्या अजिंक्यतेबाबत मात्र चांगदेवाचे शब्द आपण स्तुती म्हणूनच वाचतो. शिवाय त्याने आपले नाते लपवले नाही, दगडात कोरले. टोपणनावाने आजोबांच्या पानावर विशेषणे पेरणाऱ्या आजच्या नातवंडांपेक्षा तो अधिक प्रामाणिक ठरतो.

आता माझे. एम.ए.च्या पहिल्या वर्षी, देवपुरातल्या खोलीत बसून, मी एका ज्ञानकोशातील भास्कराचार्यांच्या पानावर ‘जन्मस्थान: पाटण, जि. जळगाव’ असे ठोकून दिले. तासाभरात ते उलटवले गेले. मला वाटले, करणारा विजापूरचा असणार, नाहीतर बीडचा! त्या गावांचाही या मानावर दावा आहेच. मग पाटणचा लेख प्रथमच नीट वाचला. ‘या नगरातून’ जैत्रपाल राजाने नेले ते लक्ष्मीधराला, म्हणजे भास्कराचार्यांच्या पुत्राला. पित्याचा जन्म कोठे झाला, हे लेखात नाही. पाटणजवळची डोंगररांग सह्याद्रीचीच शाखा आहे, त्यामुळे आपला दावा दुबळा नाही; पण दावा आणि नोंद यांतील अंतर मी एका कळीने पुसले होते. पांझरेच्या पलीकडे ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे आहे, त्या राजवाड्यांनी बखरकारांना याहून किरकोळ चुकांसाठी फैलावर घेतले होते.

माझा चांगदेवाशी रक्ताचा संबंध नाही, पगाराचाही नाही. तरी जिल्ह्याचा अभिमान हाही हितसंबंधच, आणि नियमावल्यांत तो सहसा सुटतो.

गेल्या महिन्यात मी चर्चापानावर लिहिले: ‘मी खानदेशी आहे, हे ध्यानात घेऊन वाचावे. सुचवलेला मजकूर: भास्कराचार्यांनी विज्जडविड या गावाचा उल्लेख केला आहे, त्याच्या स्थाननिश्चितीबद्दल मतभेद आहेत. त्यांच्या पुत्राच्या काळी हे घराणे पाटण येथे होते, असे नातू चांगदेव याच्या शिलालेखावरून दिसते.’ उत्तर अजून आलेले नाही.