पेशींचा निरोप

नागपूरच्या आम्हा लोकांना समुद्र लांबच. पण कोकणातल्या वाचकांनी किनाऱ्याच्या खडकांत काट्यांचा गोळा पाहिला असेल. तो सी अर्चिन. त्याची अंडी समुद्राच्या पाण्यातच फळतात.

१८९१ साली जर्मन शास्त्रज्ञ हान्स ड्रीश यांनी त्याचा दोन पेशींचा गर्भ जोरात हलवून पेशी सुट्या केल्या. प्रत्येकीची अर्धी अळी होईल, अशी अपेक्षा होती. झाली पूर्ण अळी, फक्त आकाराने लहान! म्हणजे शेजारी कोण आहे, हे पाहून पेशी आपले काम ठरवते.

सोळा पेशींच्या गर्भात तळाशी चार इवल्या पेशी असतात. त्यांच्यापासून झालेल्या पेशींच्या अंगावर 'डेल्टा' नावाचे प्रथिन असते. शेजारणीवरच्या 'नॉच' प्रथिनाला ते भिडले की निरोप तिच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. अशाच निरोपातून अळीच्या रंगपेशी बनतात.

हीच व्यवस्था अल्लाहतआलाने आईच्या पोटातल्या बाळातही ठेवली आहे. जनुकातल्या बदलामुळे हा निरोप बिघडला, तर काही बाळे यकृताचा किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्मतात. आपल्याकडे मात्र बोल सुनेला लागतो: "ग्रहणात बाहेर पडली असेल!" ग्रहणाचा कुणाच्या जन्ममृत्यूशी संबंध नाही, हे तर आपल्या पैगंबरांनीच (स.) सांगितले आहे.

अशा घरात बाळाला लवकर डॉक्टर हवा आणि त्याच्या आईला धीर. दवा आणि दुआ दोन्ही करू या. दोष देणे सोडू या.