पुन्हा चौथी

"मुलगी कितवीत आहे हो तुमची?" हा प्रश्न पुण्यात विचारला जावो की न्यू जर्सीत, तो अगदी निरुपद्रवी आहे अशी माझी गेल्या जूनपर्यंत समजूत होती. जूनमध्ये आमच्या कन्येच्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लबाकडून पुढल्या हंगामाचे पत्र आले. मजकूर एका ओळीचा : लेव्हल चार, दुसरे वर्ष. कारण दिलेले नव्हते. म्हणजे शाळेत पाचवी आणि जिम्नॅस्टिक्समध्ये पुन्हा चौथी! ज्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी नापास झाले नाही (धाकटे काका गणितात कृपेच्या गुणांवर सुटले, पण सुटले), त्या घराण्यात हे पत्र म्हणजे तारच होती.

ज्यांना या प्रकाराची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकेत मुलींच्या जिम्नॅस्टिक्सच्या दहा पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिल्या पाच पायऱ्यांवर देशभरच्या मुली एकच नेमून दिलेली कसरत करतात. जमिनीवरच्या कसरतीचे संगीतसुद्धा सर्वांना एकच. एका शनिवारी तेच संगीत साठ वेळा ऐकल्यावर माणसाला वैराग्य येते. सहावीपासून जिची तिची रचना वेगळी. याखेरीज 'एक्सेल' नावाची दुसरी, सैल वाट आहे. तिच्या पायऱ्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी नावे आहेत. व्हॉल्ट, असमान उंचीचे दोन बार, बीम आणि जमीन या चार प्रकारांना प्रत्येकी दहा, असे एकूण 40 गुण. बीमवरून पडले की अर्धा गुण गेला. आणि बीम म्हणजे पाच मीटर लांब, फक्त दहा सेंटिमीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच. आपल्या घरातल्या पाटाची रुंदी आठवा म्हणजे दहा सेंटिमीटर म्हणजे काय ते कळेल.

आमच्या कन्येला शेवटच्या स्पर्धेत जवळजवळ 36 गुण होते. शिवाय तिच्या बरोबरीच्या दोघीजणी पाचवीत गेल्या होत्या. मी चवताळून उठलो.

माझा संशय सरळ होता, आणि तो निराधार नव्हे म्हणून येथे मांडतो. मुलीला वरच्या पायरीची तयारी असूनही खाली रोखून धरायचे, म्हणजे ती खालच्या पायरीवर पदके लुटते, क्लबाच्या भिंतीवर ढाली वाढतात आणि ढाली पाहून नवे पालक फी भरतात, असा धंदा काही ठिकाणी चालतो. नवशिक्यांच्या कुस्तीत मुरलेला पहिलवान उतरवावा तसे हे आहे. यात फसवणूक दुहेरी होते : पदक मिळवणारीची आणि तिच्यापुढे हरणारीची. जे क्लब हे करतात त्यांना माझा शब्द आहे की लहान मुलीच्या गळ्यातले खोटे पदक तिला लवकरच कळते. मुलींना सगळे कळते. कळत नाही ते आपल्याला.

तर मी मुख्य शिक्षिकाबाईंना भेटायला गेलो. कागद काढून गुणांची बेरीज दाखवली. बाईंनी कागदाकडे पाहिलेही नाही. म्हणाल्या, "किप पाहिलीत का तिची?" किप म्हणजे बारला लोंबकळून पाय पुढे झुलवायचे, पावले बारपर्यंत आणायची आणि क्षणात हातांवर वर येऊन बारवर तोलून उभे राहायचे. दिसायला झोका, करायला डोंगर. चौथीच्या कसरतीचे ते प्रवेशद्वारच आहे. आमची कन्या ती पाचांत दोनदा करी, आणि त्या दोनदाही कोपरे वाकवून, कशीबशी. स्पर्धेच्या दिवशी ती दोनांतली एक निघाली, म्हणून गुण आले. पाचवीत पुढच्या साऱ्या हालचाली या किपवर चढवलेल्या. पाया ओला असताना दुसरा मजला घालायचा का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

मी तरीही वाद घातला असता. पण बाई पुढे म्हणाल्या, "आणि मनगट?" कसले मनगट? मला ठाऊकच नव्हते. मुलगी दीड महिना उजवे मनगट गरम पाण्यात धरून बसत होती, आणि तिने आईला सांगितले होते की हे बाबांना सांगू नकोस, ते पाचवीच्या गोष्टी करतात. वाढत्या वयात मनगटाच्या हाडाच्या टोकाशी कोवळ्या कूर्चेची एक पट्टी असते; हाड तेथून वाढते. सारे शरीर हातांवर पुन्हा पुन्हा आदळले की ती पट्टी दुखावते. उपाय म्हणजे मुख्यतः विश्रांती. आणि विश्रांती पाचवीत मिळत नाही.

त्या खुर्चीत बसून मला जी शरम वाटली तिचे वर्णन करीत नाही. पण माझ्यासारख्या इतर बापांवर (आणि आयांवरही, त्या काही मागे नाहीत) मी आता तुटून पडणार आहे. आपण लेव्हलला इयत्ता समजतो. शाळेत जूनला वरचा वर्ग मिळतो तो वय वाढले म्हणून; येथे पायरी मिळते ती अंगात विद्या मुरली म्हणून. आखाड्यात वस्ताद "अजून हाच डाव घोट" म्हणाले तर कोणाचा आजोबा भांडायला गेला होता? मल्लखांबाची साधी अढी पक्की होईपर्यंत पोराला पुढचे काही दाखवीत नसत, आणि त्याला कोणी नापास म्हणत नसे.

बरे, घाई तरी कशाची? नादिया कोमानेचीने 1976 साली माँट्रियलला दहापैकी दहा गुण मिळवले तेव्हा ती 14 वर्षांची होती. तिचे नाव सांगून आपण पोरींना पळवतो. त्यानंतर जागतिक संघटनेने मोठ्या स्पर्धांसाठी वयाची अट वाढवत नेली आणि 1997 पासून ती 16 आहे, हे मात्र सांगत नाही. आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचे पाय लहानपणी सपाट होते; जिम्नॅस्टला तो दोषच. 2016 साली रिओला व्हॉल्टच्या अंतिम फेरीत ती चौथी आली, ब्राँझपासून 0.15 गुणांनी दूर. तेव्हा तिने तेविशी गाठली होती. त्याच फेरीत सातवी आलेली ओक्साना चुसोवितिना 41 वर्षांची होती. यांतली कोणी दहाव्या वर्षी एक हंगाम थांबली असती तर काय बुडाले असते?

क्लबाला मी यातून मोकळे सोडीत नाही. ही सारी कारणे बाईंजवळ होती, तर ती पत्रात का नव्हती? एका ओळीचे पत्र पाठवून मुलीला तिचा निकाल आईबापांच्या पडलेल्या चेहऱ्यावरून वाचायला लावणे हा निर्दयपणा आहे. काय जमते, काय जमत नाही, काय जमले की पुढे नेऊ, हे आधी तिला सांगा. आम्हाला नंतर सांगितले तरी चालेल. आम्ही फक्त फी भरतो, बारला ती लोंबते. हे मी बाईंना सांगितले. त्यांनी मान्य केले, आणि कन्येला बोलावून समोर तीन गोष्टी लिहून दिल्या. तो कागद आमच्या फ्रीजवर आहे.

मंडळाच्या दिवाळी फराळाला एका काकूंनी विचारलेच : "कितवीत गं?" मी घसा साफ करून सविस्तर खुलासा सुरू करणार तोच कन्या म्हणाली, "चौथीत. किप पाचांत चार वेळा येते." काकूंना काही कळले नाही. त्यांनी तिच्या हातावर चकली ठेवली.

येत्या जूनमध्ये कागदावरच्या तिन्ही गोष्टी जमलेल्या असल्या आणि तरीही भिंतीवरच्या ढालींसाठी तिला तिसऱ्यांदा चौथीत ठेवले, तर मी त्याच खुर्चीत पुन्हा जाऊन बसणार आहे. या खेपेस मात्र बेरजेचा कागद घरी ठेवीन, आणि जाण्याआधी मनगट विचारीन.