हौस असावी, हव्यास नसावा



भीमजयंती जवळ आली की नाशिकच्या मेन रोडवर, शालिमारला कपड्यांसाठी झुंबड उडते. आम्हालाही नव्या साडीची हौस आहे, आणि ती का नसावी? एकेकाळी मढ्यावरचे कापड आपल्या वाट्याला येई. २७ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना इज्जतीने लुगडे नेसायला शिकविले. पण कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ हवा, हेही त्यांनीच सांगितले. म्हणजे इज्जत नीटनेटकेपणात आहे, ढिगात नाही.

एका सुती शर्टामागे, कापसाच्या शेतापासून धरले तर, सुमारे २७०० लिटर पाणी लागते असा हिशेब आहे. पॉलिस्टर तर वर्षानुवर्षे कुजत नाही.

कोसंबीच्या उदयन राजाने भन्ते आनंदांना विचारले, ५०० वस्त्रांचे काय करणार? ते म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. जुन्यांच्या चादरी, पुढे पायपुसणी करू. शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवू. आपल्या आजीची वाकळ याच रीतीची!

म्हणून दुकानात जाण्याआधी पेटी उघडून पाहावी. उधारीवर कपडा घेऊ नये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची पांढरी साडी जपली तर अनेक वर्षे पुरते. लेकराला आखूड झालेला ड्रेस धुऊन, बटण लावून, इस्त्री करून शेजारणीला द्यावा. आणि तिने दिलेला आपणही आनंदाने घ्यावा. पूर्वी उतरलेले कापड वरून फेकले जाई. आपण ते बरोबरीने, हातात हात देऊन देऊ.