पाणी निळे आहे. पण सामू किती?

वार्षिक परीक्षा आटोपल्या की लोणावळा, कर्जत, अलिबाग या भागांतले बंगले शनिवार-रविवारसाठी भरू लागतात. भाड्याच्या जाहिरातीत पहिला फोटो असतो तो बंगल्यामागच्या निळ्याशार स्विमिंग टँकचा. थंडीत दोन-तीन महिने पडून राहिलेला, पाचोळा आणि शेवाळ साचलेला हा टँक मार्चच्या अखेरीस उघडला जातो. राखणदार जाळीने कचरा काढतो, भिंती घासतो, बोअरचे किंवा टँकरचे पाणी भरतो, तुरटी फिरवतो, थोडे मोरचूद टाकतो आणि शेवटी अंदाजाने ब्लीचिंग पावडर ओततो. दुसऱ्या दिवशी तळाची फरशी स्वच्छ दिसते. पाहुणे येतात, मुले दोन दिवस पाण्याबाहेर येत नाहीत. सोमवारी कुणाचे डोळे लाल असतात, कुणाचा कान ठणकतो. आठवड्याने एखाद्याला जुलाब लागतात. तोवर टँक कुणाच्या लक्षात राहिलेला नसतो आणि सगळा दोष वाटेतल्या वडापाववर जातो.

तुरटीने गढूळपणा खाली बसतो. मोरचुदाने शेवाळ मरते. दोन्ही कामे डोळ्यांना दिसणारी आहेत, म्हणून ती मनापासून केली जातात. जंतू मारण्याचे काम या दोघांपैकी कुणावरही सोपवता येत नाही, ते क्लोरीनचे. आणि क्लोरीन किती घातले यापेक्षा ते कशा पाण्यात घातले, याला महत्त्व अधिक आहे.

ब्लीचिंग पावडर पाण्यात विरघळली की तिच्यातले क्लोरीन दोन रूपांत राहते. एक हायपोक्लोरस आम्ल, जे जंतूंच्या आवरणातून झटकन आत शिरते. दुसरे हायपोक्लोराइट, जे त्या मानाने फारच मंद. कोणते रूप किती, हे पाण्याचा सामू म्हणजे पीएच ठरवतो. सामू 7.2 असेल तर सुमारे दोन तृतीयांश क्लोरीन कामाच्या रूपात असते. 7.5 ला ते निम्मे होते, 8 ला जेमतेम पाव उरते आणि 8.5 ला दहावा हिस्सा. पावडर तेवढीच, खर्च तेवढाच. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी बहुधा जड आणि क्षारयुक्त असते. त्यात ब्लीचिंग पावडर स्वतःच सामू वाढवते. त्यामुळे राखणदार जितकी पावडर ओतत जातो, तितकी तिची धार बोथट होत जाते. सामू 7 च्या खाली घसरला तर उलट त्रास: डोळे चुरचुरतात, शिडी आणि पंपाचे धातूचे भाग झिजतात, फरशांमधले सिमेंट सुटू लागते. म्हणून 7.2 ते 7.8 ही पट्टी धरायची.

टँक उघडताना क्रम पाळला तर काम सोपे होते. कचरा काढून, पंप आणि फिल्टर चालू करून पाणी चांगले फिरू द्यावे. मग आधी अल्कता पाहावी. सामूला एकदम वर-खाली होऊ न देण्याची पाण्याची ताकद ती हीच. ती लिटरमागे 80 ते 120 मिलिग्रॅम असावी. कमी असेल तर स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा चालतो. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल टँकमध्ये 40,000 लिटर पाणी मावते. त्याची अल्कता 10 ने वाढवायला सुमारे 670 ग्रॅम सोडा लागतो. नंतर सामू, आणि सर्वांत शेवटी क्लोरीन. याच टँकमध्ये लिटरमागे 3 मिलिग्रॅम क्लोरीन आणायचे तर 120 ग्रॅम शुद्ध क्लोरीन हवे, म्हणजे 30 टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर 400 ग्रॅम. पण मागच्या वर्षीचे, तोंड उघडे राहिलेले पोते असेल तर ताकद निम्म्यावरही आलेली असते. अंदाज फसतो तो इथे. पावडर संध्याकाळी घालावी, कारण एप्रिलचे ऊन मोकळे क्लोरीन काही तासांत संपवते. उन्हात टिकणाऱ्या गोळ्या मिळतात, त्यांत सायन्युरिक आम्ल असते. ते पाण्यात साचत जाते, क्लोरीनचा वेग मंदावते आणि थोडे पाणी उपसून नवे भरल्याशिवाय कमी होत नाही. गोळ्या सोयीच्या आहेत, पण वर्षभर त्यांच्याच भरवशावर राहणे बरे नव्हे.

‘क्लोरीनचा केवढा वास येतोय, म्हणजे पाणी चांगले आहे,’ असे सांगणारे काका प्रत्येक टँकच्या काठावर भेटतात. खरे तर पुरेसे मोकळे क्लोरीन असलेल्या स्वच्छ पाण्याला फारसा वास नसतो. तो झोंबणारा वास क्लोरामाइन्सचा. घाम, लघवी, अंगाला लावलेली क्रीम यांच्याशी क्लोरीन बांधले गेले की ती तयार होतात. डोळे लाल करणारी, दमेकऱ्याला खोकला आणणारी हीच. वास आला तर समजावे की क्लोरीन कमी पडले आहे आणि आंघोळ न करता उतरणारे जास्त झाले आहेत.

टेस्ट किटमध्येही एक मेख आहे. ज्या थेंबांनी पाणी पिवळे होते, ते थेंब मोकळे आणि बांधलेले अशा सगळ्या क्लोरीनची एकत्र बेरीज दाखवतात. मोकळे किती ते गुलाबी रंग देणारे डीपीडी किट सांगते. ते लिटरमागे किमान 1 मिलिग्रॅम हवे आणि सायन्युरिक आम्ल असलेल्या गोळ्या वापरत असल्यास किमान 2.

यापेक्षा मोठा धोका टँकच्या बाहेर, त्या अंधाऱ्या खोलीत असतो जिथे पंप आहे आणि कोपऱ्यात ब्लीचिंग पावडरचे पोते व ॲसिडचा कॅन शेजारी ठेवलेले आहेत. सामू उतरवायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ते पावडरीला लागले की क्लोरीन वायू सुटतो; एप्रिल 1915 मध्ये बेल्जियममधल्या ईप्र येथे जर्मन सैन्याने खंदकांवर सोडला तोच. एकच मग दोन्हींसाठी वापरणे एवढेही पुरते. क्लोरीनच्या गोळ्या आणि पावडर एकत्र मिसळल्या तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. वायू छातीत गेला तर माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणावे, कपडे उतरवावेत, डोळे पंधरा मिनिटे पाण्याने धुवावेत आणि बरे वाटत असले तरी रुग्णालयात न्यावे, कारण फुफ्फुसांत पाणी काही तासांनंतरही साचू शकते. पोते आणि कॅन वेगवेगळ्या जागी हवेत. पावडर बादलीभर पाण्यात घालावी. पावडरीवर पाणी ओतू नये. हे सगळे ज्याने करायचे त्या राखणदाराला बहुतेक ठिकाणी ना हातमोजे दिलेले असतात, ना चष्मा, ना कुणी दोन वाक्यांत समजावलेले असते. एका रात्रीचे भाडे दहा-पंधरा हजार घेणाऱ्या मालकाने त्याच्या अंदाजावर पाहुण्यांची मुले सोडावीत, हा निष्काळजीपणाच म्हणावा लागेल. पाण्याची जबाबदारी मालकाची आहे. रोज सकाळ-संध्याकाळ सामू आणि मोकळे क्लोरीन मोजून वहीत लिहायला पाच मिनिटे लागतात आणि ती वही टँकजवळ टांगलेली असावी. बंगला ठरवताना वायफाय आणि कॅरमची चौकशी होते, तशी या दोन आकड्यांचीही व्हायला हवी.

आकडे बरोबर असले तरी क्लोरीन सर्वशक्तिमान होत नाही. सामू 7.5 आणि क्लोरीन 1 मिलिग्रॅम असताना ई. कोलाय मिनिटभराच्या आत मरतात, काविळीच्या ‘ए’ विषाणूला सुमारे 16 मिनिटे लागतात, जिआर्डियाला पाऊण तास. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम मात्र त्याच पाण्यात दहा दिवस तग धरतो. म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाला टँकमध्ये उतरवू नये. क्रिप्टोस्पोरिडियमचे निदान झाले असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे नाही. पाण्यात कुणाला पातळ शौच झाली तर सर्वांनी लगेच बाहेर यावे आणि मोठ्या मात्रेने क्लोरीन देऊन पाणी नीट होईपर्यंत टँक बंद ठेवावा, मग बंगल्याचे बुकिंग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचे असले तरीही.