पन्नाशीनंतर मानधन, पण त्याआधीचे काय?

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने वृद्ध साहित्यिक व कलावंतांच्या मानधनात वाढ केली. १९५४-५५ पासून चालत आलेल्या या योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. पूर्वी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवरील कलावंतांना अनुक्रमे ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये मिळत. आता सरसकट दरमहा ५,००० रुपये मिळतात. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. आपल्या वस्त्यांतील अनेक ज्येष्ठ शाहीर, गायक, कवी या योजनेसाठी पात्र ठरू शकतात. त्यांचे अर्ज भरून देणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

पण योजनेची अट वय वर्षे ५० ही आहे. प्रश्न पंचविशीतल्या आणि पस्तिशीतल्या कलावंतांचा आहे. नागपुरात भीमगीते गाणारा, पथनाट्य करणारा, बुद्ध-आंबेडकरांची चित्रे रंगवणारा तरुण १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर या दिवसांच्या आसपास व्यस्त असतो. उरलेल्या महिन्यांत त्याला दुसरे काम शोधावे लागते. या ओढाताणीत रियाज सुटतो, नवी संहिता लिहायची राहते आणि हळूहळू कलाच सुटते. पन्नाशीपर्यंत टिकला तरच तो मानधनाला पात्र होणार!

केंद्र शासनाच्या संस्कृती मंत्रालयाच्या योजना ही पोकळी काही प्रमाणात भरतात. १८ ते २५ वयोगटातील कलावंतांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. २५ ते ४० वयोगटासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा १०,००० रुपयांची, तर चाळिशीपुढे वरिष्ठ अधिछात्रवृत्ती २०,००० रुपयांची आहे. त्यांचीही मुदत दोन वर्षांचीच. यात शास्त्रीय संगीत-नृत्याबरोबर नाट्य, दृश्यकला आणि लोककला या शाखाही आहेत. म्हणजे जलसा, शाहिरी यांना दार बंद नाही.

मग अडते कुठे? तरुणांच्या शिष्यवृत्तीसाठी गुरू किंवा संस्थेकडे किमान पाच वर्षे शिकल्याचे प्रमाणपत्र लागते. घराण्यात किंवा संगीत विद्यालयात शिकलेल्याला ते सहज मिळते. विहारात, जयंतीच्या मंचावर, वस्तीतल्या गायनपार्टीत शिकलेल्या मुलाकडे असा कागद नसतो. त्याचे शिक्षण खरे असते, पण त्याची नोंद नसते. अधिछात्रवृत्तीची अडचण वेगळी. तिथे संशोधनाचा प्रकल्प लिहून द्यावा लागतो. ज्याने आयुष्यभर गाणे केले, त्याला 'प्रकल्प प्रस्ताव' हा शब्दच परका वाटतो.

या दोन्ही अडचणी सुटण्यासारख्या आहेत. वस्तीतील ज्येष्ठ शाहिरांनी आपल्या शिष्यांची नोंदवही ठेवावी, वर्षवार प्रमाणपत्र द्यावे. आपल्यात पीएच.डी. करणारे, प्राध्यापकी करणारे शेकडो तरुण आहेत. त्यांनी वर्षातून दोन दिवस कलावंतांचे प्रस्ताव लिहून देण्यासाठी द्यावेत. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था १९९५ पासून व्यक्तिगत कलावंतांना आणि संशोधकांना अनुदान देते, आणि भारतीय भाषांतील प्रस्तावही स्वीकारते. म्हणजे मराठीत लिहिता येते. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र तर १९८६ पासून आपल्या नागपुरातच आहे. तिथे गुरू-शिष्य परंपरा योजनेची चौकशी आपल्यापैकी किती जणांनी केली?

दुसरा मुद्दा हक्काच्या पैशाचा आहे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांनी कंपनीला गाणे विकले तरी रॉयल्टीतील त्यांचा समान वाटा त्यांना सोडून देता येत नाही, असे हा कायदा सांगतो. गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. भीमगीते मोबाइलवर लाखो वेळा ऐकली जातात. पण वसुली करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेचे सभासदत्व नसेल आणि करारावर न वाचता सही केली असेल, तर कायद्याने दिलेले हातात पडत नाही. नव्या गीतकारांनी एकरकमी पैसे घेऊन सही करण्याआधी करार वकिलाला दाखवावा.

तिसरा मुद्दा स्वाभिमानाचा. जानेवारी २०२१ मध्ये कवी यशवंत मनोहर यांनी विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार मंचावरील सरस्वतीच्या प्रतिमेच्या कारणाने नाकारला. ही भूमिका आपल्याला अभिमानास्पद वाटली. पण ज्याच्या घराची चूल पुढच्या मानधनावर पेटते, त्या तरुण कलावंताला असा नकार परवडेल का? विचारांशी तडजोड करू नको, असे कलावंताला सांगायचे असेल तर त्याच्या पाठीशी उभे राहणारी व्यवस्थाही समाजाने उभी केली पाहिजे.

१९२० मध्ये 'मूकनायक' निघाले ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. एका लिहित्या माणसाला योग्य वेळी मिळालेल्या मदतीने काय घडते, हे त्यापेक्षा वेगळे सांगायला नको. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्याच भाषणात बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. जलशांनी चळवळ गावागावांत नेली, म्हणून कलावंताला जगवणे हेही धम्मकार्यच आहे.

हिशोब करून पाहू. नागपूर जिल्ह्यातील १०० जयंती मंडळांनी वर्षाला प्रत्येकी २,४०० रुपये बाजूला काढले तर २ लाख ४० हजार रुपये होतात. त्यातून दोन तरुण कलावंतांना वर्षभर दरमहा १०,००० रुपये देता येतात, म्हणजे केंद्राच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीइतके. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यापुढे मंडळाला २,४०० रुपये जड नाहीत. निधीसाठी न्यास नोंदवावा, १२अ आणि ८०जी नोंदणी करावी. मग नोकरदार दात्यांना करसवलत मिळू शकते आणि कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचे दारही उघडते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला-संस्कृतीचा उल्लेख आहे, मात्र असा निधी राबवायला नोंदणीकृत संस्था लागते.

असे घडू शकते. तामिळनाडूत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हे गायक-वादकांचे पथक २०१८ पासून मंच गाजवत आहे. आपल्या नागपुरात २०१६ मध्ये सुरू झालेल्या पँथर्स पॉ या प्रकाशनाने आंबेडकरी साहित्य इंग्रजी वाचकांपर्यंत नेले.

नोव्हेंबर २०१० मध्ये शाहीर विठ्ठल उमप दीक्षाभूमीवर एका कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. वयाच्या ७९ व्या वर्षीही ते लोकांसमोर उभे होते. असे कलावंत उद्याही हवे असतील, तर आजच्या पंचविशीतल्या गायकाचे पुढचे बारा महिने कसे जाणार आहेत, हे येत्या जयंतीच्या बैठकीत विचारा. वर्गणीच्या पावतीपुस्तकात 'कलावंत निधी' असा एक रकाना वाढवा. सुरुवात तिथून होऊ शकते.

जयभीम! नमो बुद्धाय!