‘पहिला कोण?’ हा प्रश्नच अपुरा : शिकागोची ‘ॲसिड ट्रॅक्स’ आणि मुंबईची एक तबकडी

१/ ‘ॲसिड हाउस हे नृत्यसंगीत शिकागोत नव्हे, मुंबईत जन्मले’ असे विधान समाजमाध्यमांवर अधूनमधून अभिमानाने फिरते. त्यामागील सनावळी खरी आहे. निष्कर्ष मात्र टिकत नाही. ही गफलत इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाने ओळखावी अशी आहे. म्हणून हा धागा.

२/ आधी यंत्र पाहू. जपानच्या रोलँड कंपनीचे टीबी-३०३ हे छोटे यंत्र १९८० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले. एकट्याने सराव करणाऱ्या वादकाला बास गिटारची साथ मिळावी, हा त्याचा हेतू. पण आवाज गिटारसारखा नव्हता आणि स्वर भरण्याची रीत किचकट होती. १९८४ मध्ये उत्पादन थांबले. यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली.

३/ असेच एक यंत्र शिकागोत ‘फ्यूचर’ या गटाच्या हाती आले. डीजे पिअर, अर्ल ‘स्पँकी’ स्मिथ आणि हर्ब जे हे तिघे कृष्णवर्णीय तरुण. स्वरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजत असताना पिअर यांनी यंत्राचे नॉब फिरवण्यास सुरुवात केली. स्वर तेच राहिले. त्यांचा पोत मात्र कधी चिरका, कधी ओलसर, कधी गढूळ होऊ लागला. येथे चाल स्वरांतून नव्हे, तर नादाच्या बदलत्या रंगातून घडत होती. खरा शोध हा होता.

४/ ती टेप रॉन हार्डी यांच्याकडे गेली. ‘म्युझिक बॉक्स’ या क्लबमध्ये त्यांनी ती एकाच रात्री चार वेळा वाजवली. सहभागी सांगतात, की पहिल्या वेळी नाचणारे पांगले; चौथ्या वेळी तेच बेभान झाले. टेपच्या प्रती फिरल्या आणि श्रोत्यांनीच तिला ‘ॲसिड’ हे नाव जोडले. १९८७ मध्ये मार्शल जेफरसन यांच्या निर्मितीखाली ट्रॅक्स रेकॉर्ड्सने ती १२ इंची तबकडीवर आणली : ११ मिनिटांहून मोठी, जवळजवळ शब्दहीन.

५/ पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील तरुणाईने हा नाद उचलून धरला. त्या काळाला ‘प्रेमाचा दुसरा उन्हाळा’ म्हणतात. अनेक देशांतील संगीतकार तेच जुने यंत्र शोधू लागले. एका तबकडीतून परंपरा उभी राहिली ती अशी.

६/ आता मुंबई. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. साथीला तेच टीबी-३०३ आणि तालासाठी टीआर-८०८. साम्य थक्क करणारे आहे. तबकडी मात्र फारशी खपली नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रकाशित केली, तेव्हा जगाचे लक्ष तिच्याकडे गेले.

७/ मुंबईची तबकडी पाच वर्षे आधीची, हे निर्विवाद. परंतु ती शिकागोत पोहोचल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. आधी घडले म्हणून कारण ठरत नाही. कालक्रम आणि कार्यकारणभाव यांतील हा भेद विसरला, की इतिहासाची जागा फुशारकी घेते.

८/ या फुशारकीने दोघांवर अन्याय होतो. १२ जुलै १९७९ रोजी याच शिकागोत, एका बेसबॉल मैदानावर, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला होता. त्याच शहरातील कृष्णवर्णीय तरुणांनी नृत्यसंगीत पुन्हा उभे केले. ते श्रेय आपण सहज पुसून टाकतो.

९/ दुसरा अन्याय चरणजित सिंग यांच्यावर. त्यांना राग यंत्रावर कसे उभे राहतील, हे पाहायचे होते. त्यांना ‘ॲसिड हाउसचे जनक’ म्हणणे म्हणजे त्यांच्या कामाला दुसऱ्याच्या इतिहासातील तळटीप करणे.

१०/ दोन्ही तबकड्या सलग ऐकाव्यात. एकच यंत्र, मुंबईत ते रागाच्या सेवेत आहे, शिकागोत ते स्वतःच बोलते आहे. ‘पहिला कोण?’ याच्या आधी ‘कोणापासून पुढे काय घडले?’ हे विचारू या.